तिरंदाजांची डावी बाजू

हरल्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं रफूकाका सगळ्यांना सांगायचे. साफ खोटं. रविवारी दुपारी सुनेकडून हरले की सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचं तोंड आंबट असायचं, आणि कोटाला पडलेलं भोक दाखवायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी तिरंदाजांच्या राज्याचे गुणदोष ऐकून घ्यावे लागायचे. गिऱ्हाईक बिचारं मान हलवायचं. कोट काकांच्या हातात असायचा, न हलवून सांगतं कुणाला?

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पस्तीस वर्षं सुईवर काढलेला, कॉम्प्युटरवर राज्यं कसली वसवत बसतो, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. काकूंनीही ते म्हणून झालं होतं. पण त्याची सुरुवात काकांनी केलेली नव्हती, एका पायरीनं केली होती. दुकानाबाहेरची पायरी, रोजची, डोळे मिटून उतरावी अशी. गेल्या वर्षी एका सकाळी ती काकांना दिसलीच नाही. डाव्या मनगटाचं हाड मोडलं आणि सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये गेला.

"लक्ष कुठे होतं तुमचं?" काकूंनी विचारलं. लक्षच नव्हतं, असं काकांनाही पटलं. विषय तिथेच संपला.

सहा आठवडे काम नाही म्हणजे काकांनी घरात सगळ्यांचं डोकं खाल्लं. डब्यांची झाकणं नीट बसत नाहीत इथपासून मुलगा कामावरून उशिरा का येतो इथपर्यंत. शेवटी सुनेनं त्यांना तिच्या खोलीत नेऊन बसवलं. ती घरांचे नकाशे काढायची, घरूनच, मोठ्या पडद्यावर. शेजारी तिचा जुना कॉम्प्युटर धूळ खात होता. "बाबा, उजवा हात तर चालतोय ना? मग आईंना जरा सोडा आणि हे खेळा," असं म्हणून तिनं त्यांना तो खेळ शिकवला.

खेळ तसा समजायला सोपा. प्रत्येकानं एक राज्य घ्यायचं. माणसं लावून लाकूड तोडायचं, धान्य पिकवायचं, घरं बांधायची, सैन्य उभं करायचं आणि शेवटी समोरच्याचं राज्य मोडायचं. सुरुवातीला सगळा मुलूख काळा असतो. तुमचा माणूस जिथे जाईल तिथे उजेड पडतो. पडद्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, सगळ्या मुलखाचा एक छोटा नकाशा असतो, आणि तुमच्यावर कुठे हल्ला झाला की तो कोपरा लाल होऊन लुकलुकतो. खरं तर शिंगही वाजतं, पण पलीकडच्या खोलीत काकूंची दुपारची झोप असायची, म्हणून आवाज बंद ठेवायचा असा घरातला कायदा होता.

निवडायला राज्यं बरीच होती. काकांनी एका झटक्यात तिरंदाजांचं निवडलं. का, तर त्यांचा पल्ला. इतर कुणाचाही बाण पोहोचत नाही तिथे यांचा पोहोचायचा. शत्रू चालत यायच्या आत अर्धा गार. वर तिरंदाज उभा करायला सोनं फारसं लागत नाही, लाकूड लागतं, आणि लाकूड काय, जंगलात उभंच आहे. "लांबून, बारीक आणि नेमकं," काका म्हणायचे. "आपलंच काम आहे हे. तलवार घेऊन अंगावर धावायचं ते खाटकांनी."

दोष होते, नाही असं नाही. ते काकांनी रफूच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते, तेही एखाद्या नातेवाइकाचे लिहावेत तशा मायेनं. जवळ कुणी आलं की तिरंदाज काही कामाचा नाही, दोन फटक्यांत आडवा. ढालवाले समोर आले की बाण नुसते टणाटण वाजतात. दरवाजा फोडायचा ओंडका आला तर त्याला बाण म्हणजे गुदगुल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तट बांधायलाही लाकूडच लागतं, त्यामुळे भिंत हवी की धनुष्य हवं ते ठरवावं लागतं. मनगट सुधारलं, प्लॅस्टर निघालं, काका दुकानात जाऊ लागले, पण रविवारची दुपार काही सुटली नाही.

पहिले सहा-सात महिने दोघं बरोबरीनं खेळले. सून घोडेस्वारांचं राज्य घ्यायची. काका तिला उंचवट्यावरून टिपायचे आणि खुदुखुदु हसायचे. मग कधीतरी काका हरायला लागले. एकदा नाही, सलग. आणि दर वेळी एकाच तऱ्हेनं. समोर त्यांची फळी पक्की, एक बाण वाया नाही, आणि मागे कोठारं पेटलेली.

"तिरंदाजांचा हाच दोष बघ," काका म्हणायचे. "घोडा आत शिरला की संपलं. राज्यच तसं केलंय बनवणाऱ्यानं."

सून हसायची. "राज्याला नावं ठेवा तुम्ही. मी काय चोरपावलांनी येते का? चांगली धूळ उडवत येते."

एका रविवारी तिनं झालेला डाव पुन्हा लावून दाखवला. तशी सोय त्या खेळात होती. काका कौतुकानं स्वतःचे तिरंदाज बघत होते, तेवढ्यात तिनं कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे बघा, बाबा. इथे लाल व्हायला लागलं. अजून होतंय. अजून. बघा, पाऊण मिनिट झालं, तुम्ही हललाच नाहीत. रागावला होतात का माझ्यावर?"

काकांनी बोटाकडे बघितलं. कोपरा लाल होत होता, विझत होता, परत लाल होत होता. लहान पोरालाही दिसेल असा. आता दिसत होता. तेव्हा का दिसला नव्हता?

"मी समोर बघत होतो," ते म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले. उठताना दाराची चौकट खांद्याला लागली. डाव्या.

त्या दिवसापासून काकांना एक जुनी भीती परत भेटली. तिचं मूळ घरातलंच होतं. अण्णा, म्हणजे काकांचे वडील, तेही रफूगार. काका विशीत परगावी एका मोठ्या कारागिराकडे हात तयार करायला गेले आणि चार वर्षांनी परत आले तेव्हा अण्णा दाराजवळच्या खुर्चीत बसलेले होते. "कोण?" असं त्यांनी विचारलं होतं, स्वतःच्या मुलाला, चार हातांवरून. पुढे अकरा वर्षं ते त्या खुर्चीतच होते. कुणी कापड हातात दिलं की अंगठ्यानं चाचपून सांगायचे, लोकर आहे, भेसळ आहे, वीण सैल आहे. मग ते कापड बराच वेळ हातातून सोडायचे नाहीत. काकांना अण्णांच्या मरणाची भीती कधी वाटली नाही, पण त्या खुर्चीची वाटायची. अजून वाटत होती.

म्हणूनच तर त्यांनी स्वतःची एक परीक्षा लावून घेतली होती. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम, सर्वांत बारीक सुई घ्यायची, कोटाच्या आतल्या शिवणीतून काढलेला केसासारखा धागा घ्यायचा, चष्मा लावायचा आणि ओवायचा. पहिल्या झटक्यात गेला पाहिजे. दुसऱ्यांदा नेढं शोधावं लागलं तर समजायचं, अण्णांचं आपल्याला लागलं. रफूगाराचे डोळे जाणार ते आणखी कुठून जाणार, सुईपासूनच ना? असं काकांचं गणित. वीस वर्षांत एकदाही सुई चुकली नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते कधी गेले नव्हते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला, चष्मा घेतला, काम झालं.

त्या सोमवारीही धागा पहिल्या झटक्यात गेला. दर वेळी छातीवरचं ओझं उतरायचं, तसं ते या वेळी उतरलं नाही. काकांनी परत ओवून बघितलं. सहा वेळा ओवलं. सहाही वेळा गेला. मग ते स्वतःवरच चिडले आणि एका पँटला त्यांनी इतका सुरेख रफू केला की गिऱ्हाइकाला भोक कुठे होतं ते सापडेना.

मनाला काहीही सांगितलं तरी शरीर आपली सोय बघतंच. काकांनी दुकानातली खुर्ची फिरवली, डावा हात भिंतीला लागेल अशी. उजेड बरा येतो म्हणे. रस्त्यानं जाताना ते डावा खांदा दुकानांच्या भिंतींना घासत चालायला लागले. खेळातही तेच. डाव्या अंगाला त्यांनी लाकडी तट बांधायला घेतला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळं लाकूड तटात गेलं, धनुष्यांना उरलंच नाही, आणि सुनेनं समोरून येऊन त्यांना आरामात मारलं.

"बाबा, हे काय केलंत? कुणापासून लपताय?"

"तुझ्या घोड्यांपासून. आणखी कुणापासून?"

पुढच्या रविवारी तिनं घोडे उजवीकडून पाठवले. ते झाडीतून निघायच्या आत काकांनी पाहिलं, तिरंदाज वळवले आणि एकही घोडा परत जाऊ दिला नाही. मग तिनं डावीकडून पाठवले. तेवढेच, त्याच चालीनं. काका समोर बघत राहिले. कोठार जळलं, शेतं जळली, मग त्यांना कळलं. सून जिंकली होती आणि हसली नव्हती. ती पडद्याकडे बघत नव्हती, काकांच्या तोंडाकडे बघत होती. काकांना त्या नजरेनं जो घाम फुटला तो पायरीवरून पडल्यावरही फुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानातून मोठ्या बहिणीला फोन लावला. ताई त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी, तिच्या मुलाकडे राहायची. अण्णांचे डोळे गेले तेव्हा घरात तीच होती. तरी काकांनी आधी इकडचंतिकडचं बोलून घेतलं. तब्येत कशी आहे, गुडघे काय म्हणतात. गुडघे ठीक होते. खांद्याला तेवढं लागलं होतं, दाराची चौकट लागून, नव्या घराची दारंच मेली अरुंद. काकांनी हं हं केलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, अण्णांना सुई कधीपासून दिसेनाशी झाली गं?"

"सुई?" ताई म्हणाली. "सुई तर शेवटपर्यंत ओवायचे ते. पहिल्या झटक्यात. म्हणून तर कुणाला कळलं नाही. दाराला धडकायचे, तांब्या लवंडायचे, आई त्यांना धांदरट म्हणायची. आम्ही सगळे हसायचो. आणि डोळ्यांचं काढलं की ते सुई ओवून दाखवायचे. मग एके दिवशी सुईपण गेली. का रे, आजच का आठवलं?"

"काही नाही. असंच."

काकांनी फोन ठेवला. वीस वर्षं. वीस वर्षं रोज सकाळी ते ज्या दारावर पहारा देत होते, त्या दारानं कुणी येणारच नव्हतं. त्यांना स्वतःचा इतका राग आला की सुयांची डबी त्यांनी खणात टाकून खण बंद केला. मग पाच मिनिटांनी परत उघडला, कारण संध्याकाळी एक शाल द्यायची होती.

एवढं कळल्यावर माणसानं तडक दवाखाना गाठावा. काकांनी गाठला नाही. भित्रेपणा म्हणा, मी नाही म्हणणार नाही. कळलं नाही तोवर निदान आपण त्या खुर्चीत बसलेलो नाही, असा त्यांचा हिशोब. आठवडाभर त्यांना धड जेवण गेलं नाही.

रविवारी दुपारी ते सुनेच्या खोलीत गेले तर दोन्ही कॉम्प्युटर बंद होते. "आज खेळायचं नाही, बाबा," ती म्हणाली. "डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. डोळ्यांच्या."

"मला काय झालंय?"

"काही झालं नसेल तर उत्तमच."

"माझ्या डोळ्यांना हात लावायचं काम नाही. थांब." काका ताडकन बाहेर गेले, सुई आणि धागा घेऊन आले आणि तिच्यासमोर उभं राहून ओवला. पहिल्या झटक्यात. आता त्या सुईचा अर्थ काय ते त्यांना ठाऊक होतं. तरी ओवला. अण्णांनीही असाच ओवला असेल, असाच, रागानं, हे ओवतानाच त्यांच्या मनात आलं.

"सुईकडेच बघत राहा," सून म्हणाली. तिचा आवाज फार मऊ झाला होता. "आता सांगा, माझ्या हातात काय आहे?"

काका सुईकडे बघत राहिले. "कुठल्या हातात?" त्यांनी विचारलं.

काकांनी मान डावीकडे वळवली तेव्हा दिसलं. त्यांच्या कमरेपासून हातभर अंतरावर तिनं लाल धाग्याचं मोठं रीळ धरलं होतं, आणि तिचे डोळे भरले होते.

दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत अंधार होता. काकांना एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, उजवा डोळा झाकला आणि हातात एक बटण दिलं. तपासणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं. मध्ये पिवळा दिवा आहे, त्याच्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक ठिपके चमकतील. दिसला की बटण दाबायचं. दिसला नाही तर दाबायचं नाही.

हे तर आपल्याला येतं, असं काकांना वाटलं. ठिपका आला, दाबलं. आला, दाबलं. वर एक, उजवीकडे एक. अंगठा तयारीत होता, जीव त्या अंगठ्यात गोळा झाला होता. मग ठिपके यायचे थांबले. काकांनी वाट बघितली. दहा अंक मोजले. वीस मोजले. यंत्र मंद घरघरत होतं.

"बाई, मशीन थांबलं का हो?"

"नाही काका. चालू आहे. समोर बघा."

ठिपके येत होते. आत्ता, या क्षणी, त्यांच्या डाव्या अंगाला एकामागून एक येत होते आणि बाई ते बघत होत्या. काकांनी बटण दाबलं. काही दिसलं नव्हतं, तरी दाबलं. जरा थांबून परत दाबलं, अंदाजानं, तालावर. अंधारात तीर मारणं यालाच म्हणत असतील.

"काका," बाई शांतपणे म्हणाल्या, "न दिसता दाबू नका. मशीनला कळतं. आणि औषध चुकीचं ठरेल."

शाळेत पकडल्यासारखी काकांना लाज वाटली. त्यांनी अंगठा बटणावरून उचलला. पुढची कितीतरी मिनिटं, पिवळ्या दिव्याकडे बघत, ते अंगठा तसाच उचलून बसून राहिले.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. त्यावर दोन गोल होते. डाव्या डोळ्याच्या गोलात खालची आणि डावीकडची बाजू काळी होती, उजव्याच्या गोलातही नाकाकडून काळं शिरायला लागलं होतं. कुणी न गेलेला मुलूख असा असतो, हे काकांना कुणी सांगायला नको होतं. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं जाते. समोरचं शेवटी जातं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. जे गेलं ते परत येणार नाही. उरलेलं राखायचं. रोज थेंब, दोन वेळा, आयुष्यभर, एक दिवस चुकवायचा नाही.

"काम?" काकांनी विचारलं. त्यांच्या तोंडून तेवढंच निघालं.

"आत्ता आलात म्हणून करता येईल. आणखी दोन वर्षांनी आला असतात तर मी काय सांगितलं असतं ते विचारू नका. घरात आधी कुणाला होतं?"

"वडिलांना."

"मग मुलाला घेऊन या. भावंडं आहेत?"

बाहेरच्या बाकावर सून त्यांच्या डाव्या बाजूला बसली होती. मुद्दाम बसली होती का, ते त्यांनी विचारलं नाही. ती पहिला थेंब किती वाजता घालायचा ते कागदावर वाचत होती. काकांनी फोन काढला.

"काय रे?" ताई म्हणाली. "गेल्या आठवड्यातच तर केला होतास."

"खांदा बरा आहे का?"

"त्याला काय धाड भरलीय. काल परत लागला, त्याच चौकटीला. मुलगा म्हणतो, आई, तू धांदरट झालीस."

काकांनी डोळे मिटले. "ताई, सुई ओवतेस का गं अजून?"

"म्हणजे काय?" ताई ठसक्यात म्हणाली. "पहिल्या झटक्यात. अण्णांची मुलगी आहे मी."

"हो," काका म्हणाले. "म्हणूनच फोन केलाय. उद्याच्या उद्या मुलाला घेऊन निघ. मी इथे डोळ्यांच्या डॉक्टरांची तुझी वेळ घेऊन ठेवतो."